परब सिस्टरांचा संशय

परब सिस्टरांशी माझी ओळख झाली ती त्यांनी माझं मनगट धरलं म्हणून. परळच्या भोईवाड्यातल्या त्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहायला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. माझी मुलगी अनघा तेव्हा दीड वर्षाची. तिला ताप भरला होता आणि मी दाराशीच तिला मांडीवर घेऊन औषधाचा चमचा तिच्या तोंडाशी नेत होते. गॅलरीतून जाणारी एक उंच, सडसडीत बाई थांबली, उंबरा ओलांडून आत आली आणि तिने माझा हात वरच्या वर धरला.

“बाटली दाखव.”

मी इतकी गांगरले की निमूटपणे दाखवली. बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, बाटली खिडकीपाशी नेली, लेबल वाचलं, तारीख वाचली, झाकण उघडून हुंगलं आणि लेबल पुन्हा पहिल्यापासून वाचलं. “मुलीचं वजन किती?” मी सांगितलं. “बरोबर आहे. आता दे.”

मला राग आला होता. “आमच्या डॉक्टरांनीच लिहून दिलंय,” मी म्हटलं.

“असेल ना. तुझ्यावर विश्वास आहे गो, बाटलीवर नाही.”

हे वाक्य नंतरच्या वीस वर्षांत मी किती वेळा ऐकलं असेन ते सांगता येणार नाही. बाटलीच्या जागी कधी दूध यायचं, कधी रिक्षावाला, कधी हवामानखातं. पण पहिला अर्धा भाग कायम असायचा. माणसावर विश्वास आहे, असं आधी सांगून मगच त्या संशय घ्यायच्या.

सुमती परब हे त्यांचं पूर्ण नाव. देवगडजवळच्या एका खेड्यातून अठराव्या वर्षी नर्सिंग शिकायला मुंबईत आल्या आणि पालिकेच्या रुग्णालयातल्या एका वॉर्डच्या इन्चार्ज होऊन निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांची खोली. जवळचं म्हणाल तर भावाचा मुलगा विनय, तो नाशिकला कारखान्यात इंजिनीयर. महिन्या-दोन महिन्यांनी येऊन जायचा.

वॉर्डातल्या गोष्टी त्या फारशा सांगत नसत. एक मात्र सांगायच्या. एकाच नावाचे दोन पेशंट, शेजारशेजारच्या खाटांवर. नवीन आलेली मुलगी इंजेक्शन भरून चुकीच्या खाटेपाशी उभी. सिस्टरांनी लांबून पाहिलं आणि पेशंटला मोठ्याने वडिलांचं नाव विचारलं. “तेवढ्यावर तो माणूस वाचला,” त्या म्हणायच्या. “औषध कपाटातून काढताना वाचायचं, देताना वाचायचं, परत ठेवताना वाचायचं. तीनदा. डोळ्यांनी वाचायचं, सवयीने नाही.”

निवृत्तीनंतर वॉर्ड सुटला, सवय सुटली नाही. दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचल्याशिवाय पिशवी घरात येत नसे. मीटर वाचायला आलेल्या माणसाकडे ओळखपत्र मागायच्या आणि त्यावरचा फोटो त्याच्या चेहऱ्याशेजारी धरून बघायच्या. लालबागच्या बाजारात पापलेटाचे कल्ले उचलून इतका वेळ बघायच्या की कोळीण म्हणायची, “सिस्टर, म्हावरा हाय हा, पेशंट नाय.” सिस्टर हसायच्या नाहीत. पण दुसऱ्या रविवारी पुन्हा तिच्याकडेच जायच्या.

दुसरं कुणी असतं तर आम्हाला लवकर कळलं असतं. एखादी भोळी, गोड बाई अचानक संशय घ्यायला लागली की घरचे दचकतात. आमच्या सिस्टर मुळातच संशयी. त्यामुळे जेव्हा त्यांनी दाराला दुसरी कडी बसवली, मग तिसरी, तेव्हा मजल्यावर कुणाला काही वाटलं नाही. दूधवाला कालचीच पिशवी आज पुन्हा टाकतो, असं त्या सांगायला लागल्या तेव्हा आम्ही दूधवाल्याला विचारलं. तो बिचारा शपथा घेत होता. आम्ही मनात म्हटलं, सिस्टरांचा स्वभावच तसा. त्या एकच गोष्ट दिवसातून तीनदा विचारायच्या, तेही आम्हाला त्यांच्या तीनदा वाचण्यातलंच वाटलं. स्वभाव या शब्दाखाली आम्ही दीड वर्ष घालवलं.

त्यांच्या घराची एक चावी माझ्याकडे असायची. मी माटुंग्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. सकाळी जाताना त्यांना काय हवं-नको विचारायचं, संध्याकाळी येताना भाजी आणायची, असा आमचा परिपाठ होता. एका रविवारी दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. सिस्टर बाहेर आल्या आणि मजल्यावरच्या चार दारांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “चावी तुझ्याकडेच असते ना? मग माझं घड्याळ कुठे गेलं?”

ड्यूटीवर असताना छातीवर पिनेने उलटं लावायचं ते छोटं घड्याळ. ते त्या पेटीत जपून ठेवायच्या.

“सिस्टर, मी कशाला घेऊ तुमचं घड्याळ?”

“ते तुला ठाऊक. तूच येतेस, तूच जातेस. तिसरं माणूस नाही.” मग त्यांनी आवाज खाली आणला आणि गावच्या बोलीत म्हणाल्या, “तू घेतलस. माका म्हायत आसा.”

मी त्या एका वाक्याची वाट बघत होते. तुझ्यावर विश्वास आहे गो, घड्याळावर नाही, असं काहीतरी त्या म्हणतील आणि सगळं हसण्यावारी जाईल. त्या म्हणाल्या नाहीत. पलीकडच्या दारातून दोन डोकी बाहेर आली आणि लगेच आत गेली. मी चावी आणून त्यांच्या हातात दिली आणि दार लावून घेतलं.

तीन आठवडे आम्ही बोललो नाही. या तीन आठवड्यांत मला कळलं की आरोप खोटा असला तरी तो अंगाला चिकटतो. जिन्यात कुणी थांबून हळू बोलत असलं की माझ्याबद्दलच असेल असं वाटायचं. विनयचा नाशिकहून फोन आला. “नीलिमाताई, मी काही म्हणत नाही हं. पण तुम्ही ते घड्याळ शेवटचं कधी पाहिलं होतंत?” मी म्हटलं, मला आठवत नाही. तो म्हणाला, “नाही, सहज विचारलं.” त्या सहजमध्ये काय होतं ते मला नीट कळलं. आणि खोटं कशाला बोलू, मीही त्याच्यावर संशय घ्यायला लागले. गेल्या खेपेला तो आत्याच्या खोलीचे कागद विचारत होता, ते मी ऐकलं होतं. मला दूर करण्यासाठी त्यानेच आत्याच्या मनात भरवलं असेल, असं मी माझ्या नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “तू पण सिस्टरांसारखी बोलायला लागलीस.”

मग एका सकाळी दार वाजलं. सिस्टर उभ्या होत्या. हातात दुधाची पिशवी. साडी नीटनेटकी, केस बांधलेले, पण नजर माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी.

“यांनी पिशवी बदललीय,” त्या हळूच म्हणाल्या. “उघडतच नाही. काय भानगड आहे ती तूच बघ.”

पिशवी तीच होती. रोजची. कोपरा कापायचा आणि दूध भांड्यात ओतायचं. मी ती हातात घेऊन उभी राहिले. चाळीस वर्षं इंजेक्शनच्या कुप्या फोडणाऱ्या बाईला पिशवीचा कोपरा कापायचं सुचत नव्हतं, आणि आपल्याला सुचत नाही हे लपवायला त्यांनी दूध कंपनीवर संशय घेतला होता. माझा तीन आठवड्यांचा राग तिथे दारातच उतरला आणि त्याच्या जागी भीती आली. मी कात्री आणली, त्यांच्या देखत कोपरा कापला. त्या बारकाईने बघत होत्या. “असं होय,” म्हणाल्या. “आधी सांगायला नको का कंपनीने?”

मी त्याच दुपारी विनयला फोन केला. त्याला आधी वाटलं मी घड्याळावरून विषय वळवतेय. मी म्हटलं, “तू ये आणि स्वतः बघ.” तो शनिवारी आला. आत्याने त्याला ओळखलं, त्याच्या मुलांची नावं घेतली, पोहे केले. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “ठीक आहे की.” दहा मिनिटांनी सिस्टरांनी पुन्हा पोहे भिजवायला घेतले. “तू आल्यापासून काही खाल्लं नाहीस,” असं त्याला म्हणाल्या. त्याची रिकामी बशी समोरच होती.

दादरच्या मेंदूविकारांच्या डॉक्टर मधल्या वयाच्या, शांत बाई होत्या. त्यांनी सिस्टरांना विचारलं, आज वार कोणता?

“तुम्हाला ठाऊक नाही का, डॉक्टर?” सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टर हसल्या. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, पाच मिनिटांनी विचारले. सिस्टर म्हणाल्या, “असले शब्द तुम्ही सांगितलेच नाहीत.” मग डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढून दिला आणि त्यात घड्याळाचे आकडे लिहून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितली. सिस्टरांनी पेन घेतलं. वॉर्डाच्या चार्टवर असायचं तसं सुवाच्य अक्षर. एक, दोन, तीन, चार. बाराही आकडे त्यांनी गोलाच्या उजव्या अर्ध्यातच दाटीवाटीने बसवले. डावा अर्धा कोरा राहिला. काटे काढलेच नाहीत. कागद डॉक्टरांकडे सरकवला आणि ताठ बसून राहिल्या. विनयने तो कागद पाहिला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

पुढच्या तपासण्या झाल्या, मेंदूचा स्कॅन झाला. अल्झायमर. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं. मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जातात. आधी ताज्या आठवणी पुसल्या जातात, जुन्या बराच काळ टिकतात. औषधाने आजार बरा होत नाही, थोडा काळ सावरता येतं एवढंच. मी घड्याळाचं विचारलं. मला ते विचारायचंच होतं.

“त्या खोटं बोलत नाहीत,” डॉक्टर म्हणाल्या. “चोरीला जाऊ नये म्हणून त्यांनीच ते कुठेतरी लपवलं असणार. लपवल्याची आठवण टिकली नाही. आता वस्तू जागेवर नाही, हे तर डोळ्यांना दिसतंय. मधला तुकडा मेंदूला सापडत नाही, म्हणून तो स्वतःच एक तुकडा जोडतो. कुणीतरी नेलं. आणि ज्याचं येणंजाणं जास्त, संशय त्याच्यावर जातो. म्हणजे जो जास्त करतो त्याच्यावर. वाद घालू नका. त्यांच्याबरोबर शोधा.”

टॅक्सीत सिस्टर म्हणाल्या, “बाई बरी होती. पण चौकशा फार करते. माझा पत्ता कशाला हवा होता तिला?”

आम्ही शोधलं. दोन रविवार. घड्याळ कापसाच्या गुंडाळीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलेलं सापडलं. मी शहाणपणा करून म्हटलं, “बघा, सिस्टर. मी घेतलं नव्हतं.” त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून आठवतं. आपण इथे हे ठेवलं असेल का, असा विचार एक क्षणभर त्यांच्या मनात येऊन गेला असावा, आणि त्या विचाराने त्या इतक्या घाबरल्या की खाली बसल्या. मग सावरून म्हणाल्या, “चोराने परत आणून ठेवलं.” मी म्हटलं, “हो, तसंच असेल.” त्यानंतर मी त्यांच्यापुढे कधीही निर्दोष ठरायचा प्रयत्न केला नाही.

त्याच शोधात एक वही सापडली. वॉर्डातल्या रजिस्टरसारखे रकाने आखलेले. नीलिमा आली, चार दहा. गेली, चार पंचवीस. हातात पिशवी. पानामागून पान. मी ती वाचत असताना मला वाईट वाटायला हवं होतं, पण दुसरंच काहीतरी वाटलं. इतक्या काळात माझ्या येण्याजाण्याची इतकी नोंद कुणीच ठेवली नव्हती.

विनयने दिवसभरासाठी लता नावाची बाई ठेवली. चाळिशीची, विरारहून यायची, हाताने हळुवार. सिस्टर संध्याकाळी तिची पिशवी उघडून बघायच्या. तीही न बोलता दाखवायची. गंमत म्हणजे मीही तिच्यावर नजर ठेवून होते. एकदा ती मोरीत असताना मी तिच्या पिशवीची चेन ओढली. आत डबा, छत्री, एक कंगवा. वर पाहिलं तर ती दारात उभी.

“बघा ना, ताई,” ती म्हणाली. “नीट बघा. सिस्टर रोज बघतात. पण त्यांना आजार आहे.”

मी चेन लावली आणि पिशवी होती तिथे ठेवली.

आता ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं ते सांगते.

सिस्टरांना रक्तदाबाची एक गोळी जुनीच चालू होती. ती त्या बिनतक्रार घ्यायच्या. एकदा पट्टी संपली. आमचं नेहमीचं दुकान बंद होतं, म्हणून कॉलेजातून येताना मी चिठ्ठी दाखवून दुसऱ्या दुकानातून नवीन पट्टी घेतली आणि पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी लताने गोळी तळहातावर ठेवून पुढे केली. सिस्टरांनी पाहिलं आणि हात मागे घेतला.

“ही माझी गोळी न्हय.”

“तीच आहे, सिस्टर. नवीन पट्टी आहे,” मी म्हटलं.

“न्हय. काय घालतस माका?”

आम्ही समजावलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी गोळी लताच्या अंगावर फेकली आणि म्हणाल्या, ह्या दोघी मला मारायला टपल्यात. मी विनयला फोन केला. तो म्हणाला, “डॉक्टर म्हणाल्याच होत्या, पुढे संशय वाढेल. रक्तदाब वाढला तर पंचाईत होईल. खाण्यातून द्या.” मलाही तेच योग्य वाटलं. डॉक्टरांना विचारून मग द्यावं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. चौथ्या दिवशी मी कॉलेजला जायच्या आधी गोळी चमच्याने चुरडली आणि केळ्याच्या शिकरणात कालवून त्यांना भरवली. त्यांनी खाल्ली. मला हायसं वाटलं. पाचव्या दिवशीही तसंच केलं.

पाचव्या दिवशी अकराच्या सुमाराला लताचा फोन आला. सिस्टर घामाने भिजल्या होत्या, हात थरथरत होते, जीभ जड झाली होती. मोरीपाशी पडल्या होत्या. मी टॅक्सी करून धावले. जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने बोटाला सुई टोचून साखर तपासली आणि लगेच ग्लुकोजचं सलाइन लावायला सांगितलं.

“यांना डायबेटिस आहे?”

“नाही.”

“मग साखर उतरवायची गोळी कोण देतंय यांना?”

कुणीच देत नाही, मी म्हटलं. त्याने चालू औषधं आणायला सांगितली. लता जाऊन डबा घेऊन आली. त्याने पट्टी हातात घेतली, चिठ्ठीशेजारी धरली आणि दोन्ही माझ्यापुढे केली. नावांत दोन अक्षरांचा फरक होता. दुकानात चुकीची पट्टी दिली गेली होती. ती मी घेतली होती, न वाचता. तीन दिवस सिस्टर आम्हाला सांगत होत्या आणि आम्ही ते त्यांच्या आजाराच्या खात्यात टाकत होतो. ज्या हाताने मी ती गोळी लपवून त्यांना घातली, तो हात मला लपवावासा वाटला.

विनय संध्याकाळी पोचला. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “दुकानाची पावती आहे का?” मी म्हटलं, आहे. “दाखवा.” मी पर्समधून काढून दिली. त्याने तारीख वाचली, पट्टीवरचं नाव वाचलं. माझ्या शब्दावर त्याला विसंबायचं नव्हतं, आणि त्या दिवशी मी त्याला दोष देऊ शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर बऱ्या होत्या. उशीला टेकून बसल्या होत्या आणि सलाइनच्या बाटलीवरचं लेबल वाचायचा प्रयत्न करत होत्या. खोलीत आम्ही दोघीच होतो. मला राहवलं नाही.

“सिस्टर, माझ्या हातून चूक झाली. मी चुकीची गोळी दिली.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोण ते त्यांना त्या घडीला कळत नव्हतं, हे त्यांच्या नजरेत दिसलं. पण चूक, गोळी हे शब्द पोचले होते. त्या सरळ बसल्या. आवाज बदलला. वीस वर्षांपूर्वी वॉर्डात असेल तसा.

“कुठल्या बेडची पेशंट?”

“याच,” मी म्हटलं.

“डॉक्टरांना सांगितलंस?”

“सांगितलं.”

“रिपोर्ट लिहिलास?”

“नाही.”

“लिही. सगळं लिही. वेळ घाल, सही कर. लपवायचं नाही.” मग विचारलं, “पेशंट कशी आहे आता?”

“बरी आहे, सिस्टर.”

“मग रडतेस कशाला? तोंड धू. उद्या ड्यूटीवर ये. आली नाहीस तर मी समजेन की पळालीस.”

त्या माझ्यावर रागावू शकत नव्हत्या, कारण त्यांना काही आठवत नव्हतं. मला माफ करणंही त्यांच्या हातात नव्हतं. तरी त्या खाटेवरून त्यांनी मला त्यांच्याकडे होतं ते सगळं दिलं. मी नर्सिंग होमच्या बाकावर बसून वहीच्या एका पानावर झालं ते लिहून काढलं. तारीख, वेळ, कुणी आणलं, कुणी चुरडलं, पेशंटने किती वेळा नाही म्हटलं. खाली सही केली आणि विनयला दिलं. त्याने वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाला, “खाण्यातून द्या असं मी म्हटलं होतं. ते तुम्ही यात लिहिलं नाहीत.” मग त्याने तो कागद पुन्हा उघडला आणि ते वाक्य स्वतःच्या हाताने खाली लिहिलं.

त्यानंतर सिस्टर दोन वर्षं होत्या. आमच्यात एक नियम झाला होता. त्या कशालाही नाही म्हणाल्या की आधी ती वस्तू बघायची, मग आजाराचं नाव घ्यायचं. दहांतल्या नऊ वेळा काहीच नसायचं. एकदा त्या आंघोळीला जाईनात, पाण्यात कुणीतरी काहीतरी घातलंय म्हणत होत्या. लताने हात घातला तर पाणी अंग भाजेल इतकं कढत होतं. त्यांना कढत हा शब्द सापडत नव्हता, एवढंच.

शेवटच्या हिवाळ्यात त्यांचा संशय गेला. तो गेला तेव्हा आम्हाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. एका सकाळी मी गोळी घेऊन उभी राहिले आणि त्यांनी न बघता तोंड उघडलं. कोणाचा हात आहे, त्यात काय आहे, कशाचीही चौकशी नाही. लता माझ्याकडे बघत राहिली. पुढे पुढे कडी उघडी असली तरी त्या विचारत नसत. कुणी आलं, कुणी गेलं, सारखंच. मग बोलणंही थांबलं. शेवटचे पाच महिने त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

एका सकाळी लता त्यांचे केस विंचरत होती आणि मी समोर बसले होते. त्यांनी एक लांब श्वास घेतला आणि पुढचा घेतलाच नाही. इतकंच झालं. लताने वेणी पूर्ण केली.

मी विनयला फोन केला. तो निघतो म्हणाला. मग त्याने विचारलं, “शेवटी काही बोलली का?”

मला क्षणभर वाटलं, काहीतरी सांगावं. तुझं नाव घेतलं म्हणावं. त्याला बरं वाटलं असतं आणि खरंखोटं करायला तिथे दुसरं कुणी नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं. “काही बोलल्या नाहीत.”

मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत होते. नक्की का, लताला विचारा, कुठे होतात तुम्ही तेव्हा. फोनवर नाशिकच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता.

“बरं,” तो म्हणाला. “मी पोचेपर्यंत तुम्हीच तिच्याजवळ बसा, ताई.”